उत्पन्नाच्या दाखल्यात न मावणारा खर्च

सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र शासनाने संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ योजना यांतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अर्थसाहाय्य दीड हजार रुपयांवरून अडीच हजार रुपये केले. दिव्यांगांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरलेल्या मागणीला आलेले हे यश होते आणि त्याचे स्वागत करण्यात कोणीही हात आखडता घेऊ नये. मात्र या वाढीच्या निमित्ताने झालेली सगळी चर्चा रकमेभोवतीच फिरली. अडीच हजार पुरेसे आहेत का, शेजारच्या राज्यात किती मिळतात, पैसे खात्यात वेळेवर जमा होतात का, हे प्रश्न विचारले गेले आणि ते रास्तच होते. त्यांच्या आधीचा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही: ही रक्कम मागायला येणाऱ्या माणसाला आपण दारातच जी अट घालतो, ती अट योग्य आहे का? ती अट त्याच्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची आहे. संजय गांधी योजनेत इतर निराधारांसाठी ती २१,००० रुपये आणि दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये आहे. माझे म्हणणे असे की ही मर्यादा केवळ कमी नाही, तर दिव्यांग माणसाची गरज मोजण्याचे ते मापच मुळात चुकीचे आहे.

आधी मर्यादेच्या आकड्याचा विचार करू. वर्षाला ५०,००० म्हणजे महिन्याला ४,१६७ रुपये. घरात चार माणसे असतील तर माणशी हजाराच्या थोडे वर. रोजगार हमीच्या कामाचा २०२५-२६चा महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातल्या एकाच माणसाला या दराने वर्षात १६१ दिवस काम मिळाले, तर ते कुटुंब दिव्यांगांसाठीची मर्यादा ओलांडते. इतर निराधारांच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेला ६८ दिवस पुरतात. म्हणजे शासन स्वतःच ठरवून देत असलेल्या रोजगार हमीच्या मजुरीवर घरातल्या एका माणसाने वर्षातले निम्मे दिवससुद्धा काम केले नाही, तरच त्या घरातला दिव्यांग माणूस सरकारच्या नजरेत साहाय्यास पात्र ठरतो. शिवाय वाढीव अर्थसाहाय्यच आता वर्षाला ३०,००० रुपये होते. ज्या योजनेची मूळ मर्यादा २१,००० रुपये आहे, तिच्यातून मिळणारी मदत त्या मर्यादेच्याही पुढे गेली, यावरून मर्यादेचा आकडा किती काळ जागचा हललेला नाही हे लक्षात यावे.

याच राज्यात जुलै २०२४पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू आहे. तिची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या वेगळ्या दाखल्याची गरजही नाही. त्या योजनेला माझा विरोध नाही. गरिबाच्या घरातील स्त्रीच्या हाती थेट पैसे येणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण दोन्ही योजना एकाच घरात शेजारी शेजारी ठेवून पाहा. वर्षाला दीड लाख रुपये मिळवणाऱ्या घरात दोन भावंडे आहेत असे समजू. तिशीतली धडधाकट बहीण पंधराशे रुपयांस पात्र ठरते. तिच्या पाठचा, दोन्ही पायांनी चालू न शकणारा भाऊ घराचे उत्पन्न जास्त म्हणून अपात्र ठरतो. बहीणच दिव्यांग असेल तर तिला पंधराशे मिळतात, पण ते स्त्री म्हणून. तिच्या दिव्यांगत्वाची दखल म्हणून एक रुपयाही मिळत नाही. एकाच शासनाने एकच घर एका योजनेसाठी गरीब आणि दुसऱ्या योजनेसाठी सधन मानावे, आणि सधन मानण्याची पाळी नेमकी दिव्यांगाच्या बाबतीत यावी, याला धोरण म्हणता येणार नाही. केंद्राच्या एडीआयपी योजनेत, जिच्यातून व्हीलचेअर, तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र अशी साधने मिळतात, दरमहा २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना साधनाची पूर्ण किंमत दिली जाते. वर्षाचा हिशेब केला तर ही मर्यादा २ लाख ७० हजार होते. म्हणजे ज्या माणसाला केंद्र सरकार व्हीलचेअर मोफत देण्याइतका गरजू मानते, त्याला राज्य सरकार त्या व्हीलचेअरवर बसून जगायला मदत देण्याइतका गरजू मानत नाही.

इतकी कमी मर्यादा ठेवली की तिचा पहिला परिणाम कागदावर होतो. अर्जासोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो तलाठ्याच्या अहवालावर निघतो. गावोगाव ही प्रक्रिया कशी चालते हे सर्वांना ठाऊक आहे. टेबलापलीकडून विचारले जाते, ‘उत्पन्न किती टाकू?’ आणि अलीकडून उत्तर येते, ‘योजनेत बसेल तेवढे टाका.’ विचारणाऱ्याला खरी परिस्थिती माहीत असते, सांगणाऱ्यालाही माहीत असते आणि पुढे सही करणाऱ्यालाही तिचा अंदाज असतो. या प्रसंगात कोणालाही खोटारडे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घरात अंथरुणाला खिळलेला मुलगा असलेल्या बापाने दुसरे काय करावे? पण कागदावर जे उतरते ते खरे नसते आणि ज्याच्या नावे ते उतरते तो त्या क्षणापासून कायमचा मिंधा होतो. गावातल्या कोणाशी वाकडे आले, तर ‘याचे उत्पन्न जास्त आहे’ अशी एक तक्रार त्याचा पगार बंद करायला पुरते. निराधारच्या या पैशांना अनेक गावांत पगारच म्हणतात. दाखला काढून देणाऱ्या एजंटाचे पोट याच भीतीवर भरते. जो बाप खरा आकडा सांगतो, त्याचा अर्ज फेटाळला जातो. प्रामाणिक माणसालाच बाहेर ठेवणारी अट गरजू शोधण्याच्या कामी येत नाही, हे मान्य करायला हरकत नसावी.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की मर्यादा वाढवा, अडीच लाख करा, प्रश्न मिटला. पुष्कळसा मिटेल हे खरे आहे आणि ते आधी व्हावेच. पण आकडा कितीही वाढवला तरी कौटुंबिक उत्पन्न या मापात दोन दोष राहतात. त्यांतला पहिला असा की हे माप घरात येणारा पैसा मोजते आणि दिव्यांगत्वापायी घरातून जाणारा पैसा मोजत नाही.

तालुक्याच्या गावातले एक घर डोळ्यांसमोर आणू. बांधकामावर परांचीवरून पडून अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाच्या पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. वडील एका दुकानात कामाला, धाकटा भाऊ रिक्षा चालवतो. दोघांचे मिळून महिन्याला अठरा हजार येतात असे धरू. शेजारच्या घरातही एवढेच येतात आणि तिथेही चारच माणसे आहेत. दाखल्यावर दोन्ही घरांचे उत्पन्न सारखेच. आता या घराचा महिना पाहा. लघवीची नळी आणि पिशवी ठरावीक दिवसांनी बदलावी लागते, डायपर लागतात, पाठीला आणि माकडहाडाला पडलेल्या जखमांसाठी कापूस, गॉज, मलम लागते. जखमा पडू नयेत म्हणून घेतलेली हवेची गादी रात्रंदिवस विजेवर चालते. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण बसच्या पायऱ्या ज्याला चढता येत नाहीत त्याला त्या सवलतीचा उपयोग नाही. जिल्हा रुग्णालयात न्यायचे तर स्पेशल गाडी करावी लागते आणि उचलायला दोन माणसे लागतात, म्हणजे त्या दिवशी भावाची रिक्षा उभी राहते. दर दोन-तीन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, म्हणून आईने शेतमजुरी सोडली. सोडलेली ही मजुरी उत्पन्नाच्या दाखल्यात फक्त ‘कमी झालेले उत्पन्न’ म्हणून दिसते. आईच्या अंगावर पडलेले दिवसाचे चोवीस तासांचे काम तिथे कुठेच दिसत नाही. शेजारच्या घरातले अठरा हजार आणि या घरातले अठरा हजार कागदावर सारखे असले तरी त्यांतून जे जगणे विकत घेता येते ते सारखे नाही.

अमर्त्य सेन यांनी हा मुद्दा फार स्पष्टपणे मांडलेला आहे. दिव्यांगत्वामुळे माणसाची कमावण्याची शक्ती घटते हा एक तोटा झाला. कमावलेल्या पैशाचे जगण्यात रूपांतर करणे त्याला अधिक महाग पडते हा दुसरा तोटा. सरकारी योजनांना पहिला दिसतो, दुसरा दिसत नाही. केंब्रिजमधील संशोधक वीब्के कुक्लिस यांनी ब्रिटनमधील आकडेवारीवरून हा दुसरा तोटा मोजून दाखवला आणि सेन यांनीही तिच्या कामाचा आवर्जून हवाला दिला. उत्पन्नाच्या नेहमीच्या मापाने त्या देशात १७.९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांत राहत होते. ज्या कुटुंबांत दिव्यांग व्यक्ती आहे त्यांच्यापुरते पाहिले, तर हे प्रमाण २३.१ टक्के होते. फरक पाच टक्क्यांच्या आसपासचा, म्हणजे फार मोठा नाही असे वाटावे. पण दिव्यांगत्वामुळे होणारा वाढीव खर्च हिशेबात घेतल्यावर तेच प्रमाण ४७.४ टक्क्यांवर गेले. केवळ उत्पन्न पाहणाऱ्याला दिव्यांगांच्या घरातील गरिबीचा जो भाग दिसत होता, त्याहून जवळजवळ तेवढाच आणखी भाग त्याच्या नजरेतून सुटत होता. हे आकडे सार्वजनिक आरोग्यसेवा असलेल्या, पदपथांना उतार आणि बसला रॅम्प असलेल्या देशातले आहेत. जिथे साधी सुई-पट्टीही बाहेरून आणायला सांगितले जाते, तिथे ही दरी कमी असेल असे मानायला काही आधार नाही.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. भारतात गरिबीचे मोजमाप मुख्यतः कुटुंबाच्या खर्चावरून होत आले आहे. ज्या घरात औषधे, फिजिओथेरपी, डायपर, प्रवास यांवर दरमहा पैसे जातात, त्या घराचा खर्च वाढलेला दिसतो आणि वाढलेल्या खर्चामुळे ते घर कागदावर थोडे सुस्थितीत सरकते. घर कर्ज काढून खर्च करत असेल तरीही. आजारपणाने आणि अपंगत्वाने पोखरलेले घर सर्वेक्षणाच्या तक्त्यात वरच्या ओळीत जाऊन बसते आणि मग त्याच तक्त्यांच्या आधारे ‘दिव्यांगांची कुटुंबे काही फार गरीब नाहीत’ असा निष्कर्ष निघू शकतो. दिव्यांग साहाय्य घेणाऱ्यांच्या कौटुंबिक उत्पन्नाविषयीचा कुठलाही आकडा वाचताना ही सावधगिरी बाळगली नाही, तर आकडा खरा असूनही चित्र खोटे उभे राहते. ब्रिटनमध्ये २०१८ साली सोशल मेट्रिक्स कमिशनने हाच मुद्दा धरून सुचवले की दिव्यांगत्वाच्या वाढीव खर्चासाठी मिळणारा भत्ता कुटुंबाच्या उत्पन्नात धरूच नये, कारण तो ज्या खर्चासाठी येतो त्याच खर्चात जातो.

दुसरा दोष मला पहिल्याहूनही गंभीर वाटतो. कौटुंबिक उत्पन्न मोजताना आपण असे गृहीत धरतो की घरात आलेला पैसा घरातल्या प्रत्येकाचा आहे. लहान मुलाच्या बाबतीत हे गृहीत चालेल. पस्तीस वर्षांच्या दिव्यांग पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या बाबतीत ते का चालावे? आई-वडील असेपर्यंत बहुधा निभावते. त्यांच्यानंतर भाऊ-भावजयीच्या संसारात राहणाऱ्या दिव्यांग माणसाला साबणाच्या वडीसाठीसुद्धा हात पुढे करावा लागतो आणि भावाच्या पगारामुळे त्याचा अर्ज मात्र नामंजूर होतो. भाऊ वाईट असतो असे नाही. त्याची स्वतःची मुले असतात, त्यांची शाळा असते, आणि त्याने आपल्या भावाचा आयुष्यभराचा भार उचललाच पाहिजे असा करार त्याने कोणाशी केलेला नसतो. आपण त्याच्यावर ती जबाबदारी टाकतो आणि बदल्यात त्याच्या हाती काहीच ठेवत नाही. दिव्यांग स्त्रीच्या वाट्याला हेच आणखी तीव्रतेने येते. माहेरी असताना वडिलांचे उत्पन्न, लग्नानंतर नवऱ्याचे उत्पन्न, आणि यातले कुठलेही उत्पन्न खर्च करण्याचा निर्णय तिच्या हाती नाही.

यावर लोकांनी शोधलेली वाट म्हणजे रेशनकार्ड वेगळे करणे. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणाऱ्या घरातून दिव्यांग मुलाचे नाव कमी करून त्याचे स्वतंत्र कार्ड काढले जाते, म्हणजे कागदावर त्याचे कुटुंब एका माणसाचे होते आणि उत्पन्न शून्य. ज्याला सतत कोणाच्या तरी आधाराची गरज आहे, त्याला मदत मिळण्यासाठी आधी एकटे पडल्याचे दाखवावे लागते. जी कुटुंबे आपल्या माणसाला टाकून देतात त्यांच्या माणसाला मदत आणि जी सांभाळतात त्यांना नकार, असा या अटीचा प्रत्यक्षातला अर्थ होतो.

आणि समजा त्याच माणसाने काही कमवायला सुरुवात केली तर? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६व्या फेरीत, म्हणजे जुलै ते डिसेंबर २०१८ या काळात, देशातील पंधरा वर्षांवरील दिव्यांगांपैकी फक्त २३.८ टक्के लोक श्रमशक्तीत होते. उरलेले तीन चतुर्थांशांहून अधिक लोक कामावर नव्हते आणि काम शोधतही नव्हते. त्यांतल्या पुष्कळांना काम झेपण्यासारखे नसेल, पुष्कळांना कोणी देत नसेल, पण ज्यांना थोडेफार जमेल त्यांनाही आजची मर्यादा घाबरवते. घरी बसून शिलाई किंवा मोबाइल दुरुस्ती करून महिन्याला चार-पाच हजार मिळू लागले की हातातले अडीच हजार जाण्याचा धोका असतो. आज मिळालेले काम सहा महिन्यांनी सुटले, तर पुन्हा तोच दाखला, तोच अर्ज, तालुक्याच्या समितीच्या बैठकीची तीच प्रतीक्षा. कोणताही विचारी माणूस अशा परिस्थितीत खात्रीचे अडीच हजार सोडून बेभरवशाचे पाच हजार धरणार नाही.

आता माझ्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत बोचरी विसंगती. दिव्यांगत्वाचा वाढीव खर्च भारत सरकारला कळत नाही असे म्हणावे, तर तसे नाही. १९६१च्या आयकर कायद्यातील ८०-यू आणि ८०-डीडी या कलमांनी तो मान्य केला. स्वतः दिव्यांग असलेल्या करदात्याला, किंवा दिव्यांग व्यक्तीला सांभाळणाऱ्या करदात्याला, करपात्र उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट मिळते आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर ती सव्वा लाखाची होते. किती खर्च झाला त्यावर ही रक्कम ठरत नाही, ती ठोक असते. आणि तिला उत्पन्नाची कमाल मर्यादा नाही. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याचा सव्वा लाखाच्या वजावटीमुळे वाचणारा कर ३७,५०० रुपये, आणि चार टक्के उपकर धरला तर ३९,००० रुपये होतो. संजय गांधी योजनेतील दिव्यांग लाभार्थ्याला सप्टेंबर २०२५च्या वाढीनंतर वर्षाला मिळतात ३०,०००. त्याआधी मिळत होते १८,०००. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही आणि बरेच करदाते तिकडे वळले आहेत, हे खरे आहे. पण जुन्या प्रणालीत ती आहे आणि तिच्यामागचे तत्त्व निर्विवाद आहे: दिव्यांग व्यक्ती असलेल्या घराचे उत्पन्न आणि ती नसलेल्या घराचे तितकेच उत्पन्न यांना सारखे मानू नये. हे तत्त्व दहा लाखांवर कमावणाऱ्याला लागू होते आणि लाखभर कमावणाऱ्याला लागू होत नाही. कर भरणाऱ्याला दिव्यांगत्वाची किंमत वजा करून मिळते, मजुरी करणाऱ्याला ती स्वतःच्या खिशातून भरावी लागते. करदात्याची वजावट काढून घ्या असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याच्यासाठी जे सत्य आपण मान्य केले आहे तेच गरिबासाठी मान्य करा, एवढीच मागणी आहे.

पैसा कुठून आणायचा, हा यावरचा नेहमीचा आणि गंभीर आक्षेप. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या २९ लाख ६३ हजारांच्या आसपास होती. त्या प्रत्येकाला, म्हणजे लहान मुले, सौम्य दिव्यांगत्व असलेले, नोकरदार, श्रीमंत असे कोणालाही न वगळता, महिन्याला अडीच हजार दिले तरी वर्षाचा खर्च सुमारे ८,९०० कोटी रुपये होतो. लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी रुपये ठेवले होते. म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा. जनगणनेनंतर लोकसंख्या वाढली आहे आणि २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकारही २१ केले आहेत, त्यामुळे एकूण संख्या आज जास्त असणार. उलट, साहाय्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात देशभरातील केवळ २८.८ टक्के दिव्यांगांकडे प्रमाणपत्र होते. त्यामुळे प्रत्यक्ष भार या अंदाजाच्या बराच आत राहील, आणि त्यातला काही भाग शासन आजही देतच आहे. खर्च मोठा आहे, पण राज्याला न पेलणारा नाही. आंध्र प्रदेशाने जुलै २०२४पासून दिव्यांगांचे निवृत्तिवेतन ६,००० रुपये केले आणि पूर्णपणे परावलंबी असलेल्यांसाठी १५,०००. तेलंगणात ते ४,०१६ रुपये आहे. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था या दोन्ही राज्यांहून मोठी आहे.

दुसरा आक्षेप असा की अट काढली तर सधन लोकही हात मारतील आणि बनावट प्रमाणपत्रांचे पेव फुटेल. बनावट प्रमाणपत्रांचा प्रश्न खरा आहे, त्याने खऱ्या दिव्यांगांचे अतोनात नुकसान केले आहे आणि त्यावर कठोर कारवाई हवी. पण तो वैद्यकीय तपासणीचा आणि युडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या, पडताळणीचा प्रश्न आहे. उत्पन्नाची अट बनावट दिव्यांगाला रोखत नाही, कारण ज्याला दिव्यांगत्वाचे खोटे प्रमाणपत्र मिळते त्याला उत्पन्नाचा खोटा दाखला मिळणे त्याहून सोपे असते. राहिला सधनांचा मुद्दा. आयकर भरणाऱ्यांना वगळायचे असेल तर खुशाल वगळावे. ती माहिती शासनाकडे आयती आहे, तिच्यासाठी तलाठ्याच्या टेबलापाशी कोणाला उभे करावे लागत नाही, आणि करदात्यासाठी वजावटीची वेगळी सोयही आहे.

उत्पन्न न पाहता दिव्यांग भत्ता देणे ही श्रीमंत देशांनाच परवडणारी गोष्ट आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये २०१३पासून दिला जाणारा वैयक्तिक भत्ता अर्जदाराचे उत्पन्न किंवा बचत पाहत नाही. २०२५च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारने त्याचे निकष आवळायचा प्रयत्न केला तेव्हा सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांनी बंड केले आणि सरकारला मागे यावे लागले. पण आपल्याहून कमी उत्पन्नाच्या नेपाळमध्येही दिव्यांग भत्ता दिव्यांगत्वाच्या वर्गानुसार दिला जातो, कौटुंबिक उत्पन्नानुसार नाही. याउलट अमेरिकेत गरीब दिव्यांगांसाठीच्या एसएसआय या मदतीला मालमत्तेची अट आहे आणि एकट्या माणसासाठीची ती मर्यादा १९८९पासून २,००० डॉलरवरच थांबलेली आहे. एवढ्या काळात महागाई कुठून कुठे गेली. गरिबीची मर्यादा एकदा शासन निर्णयात लिहिली गेली की ती विसरली जाते, हा अनुभव एकट्या महाराष्ट्राचा नाही. केंद्राचे इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन २०१२पासून महिना ३०० रुपये आहे, तेही दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांनाच, आणि देशभरात त्याचे लाभार्थी दहा लाखांच्या आसपास आहेत. २०११च्या गणनेतील २ कोटी ६८ लाख दिव्यांगांच्या तुलनेत हे प्रमाण चार टक्केही भरत नाही.

२०१६च्या कायद्याने दिव्यांगांसाठी निवृत्तिवेतन देताना उत्पन्नमर्यादा ठेवण्याची मुभा सरकारला दिलेली आहे, हे मी नाकारत नाही. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे, आणि मर्यादा कोणाच्या उत्पन्नाला व कशी लावावी हे ठरवणे सरकारच्याच हाती आहे. त्याच कायद्याच्या २४व्या कलमात असेही म्हटले आहे की दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे, आणि ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचाही त्यात उल्लेख आहे. जो कायदा जादा खर्च ओळखून जादा रक्कम द्यायला सांगतो, त्याच्या अंमलबजावणीत पात्रता ठरवताना तो खर्च शून्य धरणे कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे.

करता येण्याजोगे बरेच आहे आणि त्यासाठी विधानसभेत नवा कायदा आणावा लागत नाही. प्रौढ दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत तिचे स्वतःचे उत्पन्न पाहावे, वडिलांचे, भावाचे, नवऱ्याचे नाही. मूल दिव्यांग असेल आणि कुटुंबाचे उत्पन्न पाहणे भागच असेल, तर आयकर कायद्यातल्याच ७५,००० आणि सव्वा लाखाच्या रकमा आधी त्यातून वजा कराव्यात आणि उरलेल्या उत्पन्नाला लाडकी बहीण योजनेची अडीच लाखांची मर्यादा लावावी. दोन्ही आकडे सरकारांचेच आहेत, कोणाला नवे संशोधन करायला नको. दिव्यांग माणूस कमवू लागला तर अर्थसाहाय्य एका झटक्यात बंद न करता कमाईच्या प्रमाणात हळूहळू कमी करावे आणि काम सुटल्यास नव्या अर्जाशिवाय ते पूर्ववत व्हावे. आईने मजुरी सोडली असेल तर तिच्या श्रमाचे काही मोल काळजीवाहक भत्त्याच्या रूपाने त्या घरात यावे. ही शेवटची गोष्ट अनेकांना चैनीची वाटेल, पण त्या आईने हात टेकले तर त्या माणसाला सांभाळायला शासनाला जी व्यवस्था उभी करावी लागेल, तिचा खर्च कितीतरी पटींनी अधिक असेल.

यातले सगळे एकदम होणार नाही हे मला कळते. संख्या किती, खर्च किती, याचा नेमका अंदाज नसल्याचे कारण वित्त विभाग पुढे करील, आणि फेब्रुवारी २०२७मधील जनगणनेची वाट पाहू असेही म्हटले जाईल. पण ८० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांच्या बाबतीत तेही कारण टिकत नाही. त्यांतल्या ज्यांची युडीआयडी कार्डे निघालेली आहेत त्यांची नोंद संगणकावर आहे, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या गरजेबद्दल कोणाच्याही मनात शंका असण्याचे कारण नाही. २०२२मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. या एका गटासाठी उत्पन्नाच्या दाखल्याची अट रद्द करणारा प्रस्ताव त्या विभागाने येत्या अर्थसंकल्पाआधी मंत्रिमंडळासमोर ठेवावा.